दोन लाकडी खोकी

आमच्या गावात चांगला आवाज म्हणजे लांब जाणारा आवाज, एवढीच व्याख्या होती. लग्नाचा कर्णा वाजला आणि ओढ्यापलीकडच्या मळ्यात भांगलणाऱ्या बायकांनी कंबर सरळ करून "कुणाच्यात गं लगीन?" असं विचारलं, की आवाज चांगला. तो गोड आहे की कर्कश, गाणारी बाई आहे की पुरुष, हे नंतरचं. तासगाव तालुक्यातल्या त्या सगळ्या पट्ट्यात ही व्याख्या मान्य होती आणि माझे थोरले मामा त्या व्याख्येचे राजे होते.

मामांचा लाऊडस्पीकरचा धंदा. दोन कर्णे, एक वाल्व्हचं मशीन (अ‍ॅम्प्लिफायरला आम्ही मशीनच म्हणायचो), एक रेकॉर्ड वाजवायची पेटी, मोटारीची बॅटरी आणि दोन सायकली. १९७३ च्या उन्हाळ्यात, नववीची परीक्षा झाल्यावर, मी त्यांच्या हाताखाली लागलो. माझं काम म्हणजे लिंबाच्या झाडावर चढून कर्णा बांधायचा, खाली येऊन वायर जोडायची आणि मशीनपाशी बसून राहायचं. मामा तोवर वेशीपर्यंत चालत जायचे. तिथं उभं राहून कान द्यायचे आणि डोक्यावरची पांढरी टोपी काढून हातात घ्यायचे. टोपी वर केली की आवाज वाढवायचा, खाली धरली की कमी करायचा. खाली धरलेली टोपी मी फारशी बघितली नाही.

पहाटे सनईची रेकॉर्ड लावायची रीत होती. मशीनमधले वाल्व्ह तापून लालसर व्हायचे, अंधारात त्यांचा उजेड पडायचा, आणि मग वरून कर्णा सुरू व्हायचा. त्या आवाजात सनई सनईसारखी कमी आणि पत्र्यासारखी जास्त वाजायची. पुढं धंद्यात पडल्यावर त्याचं कारण कळलं. कर्णा मुळात माणसाचं बोलणं लांब पोचवायला बनवलेला. खालचा खर्ज त्याच्या नळीतून बाहेर येत नाही आणि वरचं बारीक कामही फारसं येत नाही. मधला पट्टा मात्र तो मुठीत धरून फेकतो. सभेला, दवंडीला, हरवलेल्या म्हशीची वर्दी द्यायला त्याच्यासारखी वस्तू नाही. गाण्यासाठी तो नव्हताच, पण आमच्याकडं गाणं आलं ते त्याच्यातूनच.

दुसरी वाट रेडिओची. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झालं. मी तेव्हा पाच वर्षांचा. चावडीत एक रेडिओ होता आणि संध्याकाळी त्याच्यापुढं बाजारभाव ऐकायला माणसं बसायची. पुढं आमच्या घरी मर्फीचा रेडिओ आला, त्याचं लायसन पोस्टात जाऊन भरावं लागायचं. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला. सिलोनचा आवाज लाटेवर बसून आल्यासारखा यायचा, आता जवळ, आता लांब, ऐन कडव्यात गेला की आम्ही सगळी पोरं रेडिओच्या अंगावर वाकायचो. जणू वाकल्यानं तो परत येणार. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, त्यामुळं प्रत्येकाच्या वाट्याला आवाजासाठी साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास जागा येते. माणसाचा कान तरुणपणी वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे आम्ही लहानपणी जी गाणी पाठ केली, त्यांचा वरचा मजला आम्ही कधी चढलोच नव्हतो. भजनातले टाळ रेडिओवर लागले की नुसती भाताची सुपं पाखडल्यासारखी खसखस यायची. विठोबाच्या देवळात ते टाळ समोर वाजताना ऐकले होते म्हणून कळायचं, हे टाळ आहेत.

माझ्यापुरती ही व्याख्या बदलली ती मिरजेत.

कर्ण्याच्या युनिटमधला पडदा जळाला की ते मिरजेला दुरुस्तीला न्यावं लागायचं. काम व्हायला दोन-तीन तास. तेवढा वेळ मी सतारमेकर गल्लीत जाऊन उभा राहायचो. मिरजेचे तंबोरे देशभर जातात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी हे काम उचललं, हेही नंतर कळलं. मला दिसायचे ते दारात वाळत घातलेले हे एवढाले भोपळे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. आमच्या परड्यातल्या दुध्याचे थोरले भाऊ म्हणावेत असे. आत एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले असायचे.

जवारी म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते, ती घोडी सपाट नसते, तिला अगदी किंचित गोलवा असतो. तार छेडली की ती त्या गोलव्याला घासत घासत थरथरते. तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. धागा केसभर पुढं-मागं केला की आवाज मिटतो नाहीतर फुलतो. फुलला की एका तारेतून एकच सूर येत नाही. खालचा येतो, मग त्याच्यावरचा, मग त्याच्याही वरचा, आणि सगळे मिळून एक झळाळी तयार होते. ते कारागीर कानसाने घोडी घासायचे, फुंकर मारायचे, तार छेडायचे, धागा सरकवायचे, परत कानस. मला वाटायचं, आता झालं की! पण त्यांचं झालेलं नसायचं. एकदा मी धीर करून विचारलं, "काका, मघाशी बी असाच तर वाजत हुता." ते म्हणाले, "मघाशी वाजत होता बेटा, आता बोलतोय."

मी परत आलो ते कानात ती झळाळी घेऊन. मामांना सांगायचा प्रयत्न केला. मामा म्हणाले, "ते समदं खरं. पर तुझा तंबोरा पलीकडच्या वाडीला ऐकू जाईल का?"

पुढं मी रेडिओदुरुस्ती शिकलो, तालुक्याच्या गावी दुकान टाकलं. ती तीस वर्षं मी चार ओळींत सांगणार आहे, कारण दुकानदारीत सांगण्यासारखं फार नसतं. रेडिओ गेले, टू-इन-वन आले. कॅसेटी आल्या. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगानं सरकणारी ती पट्टी, तिच्या हेडवर साचलेली तपकिरी भुकटी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसणं आणि हेडचा बारीक स्क्रू कानानं पिळून आवाज मोकळा करणं, हे माझं आवडतं काम. स्क्रू पाव फेरा फिरवला की गाण्यावरचा पडदा बाजूला व्हायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "आता वाजाय लागला बघा." पैसे मात्र पट्टा बदलल्याचेच द्यायचं. आवाज मोकळा केल्याचे पैसे कुणी देत नाही.

माठाचं मात्र सांगायला हवं. त्या काळात आमच्याकडं एक टूम निघाली होती. बाजारातून पाण्याचा माठ आणायचा आणि त्याच्या तोंडावर स्पीकर पालथा घालायचा. असा घुमारा यायचा की पोरं खूश. सलूनमध्ये माठ, पानपट्टीत माठ, एका रसवंतीत तर रांजण. उन्हाळ्यात कुंभाराला हे गिऱ्हाईक कशासाठी येतंय, ते कळेना. लोक मला विचारायचे, तुमच्या दुकानात माठ का नाही? बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो, तसंच माठाचं असतं. त्याच्या पोटाला एक ठरलेला सूर असतो, त्या सुराच्या जवळपासचं जे काही येईल ते तो फुगवतो आणि बाकीचं सोडून देतो. त्यामुळं माठावर तबला, ढोलकी, गिटार, सगळ्यांचा खर्ज एकाच घरात जन्मल्यासारखा लागतो. सुतार आणि मी मिळून प्लायवूडचे डबे करायचो, आत कापूस भरायचो, पुढं मोजून भोक पाडायचो. ते माठाइतके घुमायचे नाहीत म्हणून विकायचे नाहीत. त्यातली एक जोडी घरी होती. पुरात नाही, चोरीत नाही, उंदरांत गेली.

मग कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर प्लॅस्टिकचे स्पीकर. खाली एक काळा डबा आणि दोन बाजूला दोन मुठीएवढी पिल्लं. खालचा डबा धप् धप् करायचा, वरची पिल्लं चीं चीं करायची आणि मधला माणूस, म्हणजे गाणारा, गायब. माठच तो, प्लॅस्टिकचा. पोराच्या टेबलावर असा एक संच बरीच वर्षं होता. मी त्या खोलीत फारसा बसायचो नाही.

२०२० साली टाळेबंदीत पोरगा पुण्याहून घरी आला. सूनबाई, नात, सगळे. बेदाण्याच्या खोक्यांची खोली रिकामी करून त्यानं तिथं ऑफिस मांडलं. दीड वर्षानं ते परत गेले, तेव्हा टेबल आणि एक जुना लॅपटॉप मागं राहिला. "दादा, तुम्हाला गाणी ऐकायला होईल," म्हणाला. मग मी माझ्या पैशांतून स्पीकर मागवले. एडिफायर नावाच्या चिनी कंपनीचे, आर-१२८०-टी. दोन लाकडी खोकी, प्रत्येकात एक चार इंची वुफर आणि तेरा मिलिमीटरचा रेशमी घुमटाचा ट्विटर. अ‍ॅम्प्लिफायर उजव्या खोक्यातच बसवलेला. दोन्ही मिळून ४२ वॅट. आजकाल वरातीच्या गाडीवर असतं, त्यापुढं हे म्हणजे हत्तीपुढं मुंगी.

किंमत ऐकून घरच्यांनी कपाळाला हात लावला. "एवढ्या पैशात एक गाभण शेरडी आली असती की वं. वर्साला दोन करडं दिली असती."

"हे बी देतील," म्हणालो.

"काय? करडं?"

हा संवाद आमच्याकडं अजून संपलेला नाही.

खोकी आली त्या दिवशी वाजवून बघितली आणि आनंद झाला नाही. आवाज होता, पण विस्कटलेला. दोष खोक्यांचा नव्हता, खोलीचा होता. आमचं जुनं घर पांढऱ्या मातीचं, दोन-दोन हात रुंद भिंती, शेणानं सारवलेल्या. त्या घरात बोललेलं भिंत पिऊन टाकायची. नव्या घराला वर स्लॅब, खाली फरशी, भिंतींना गिलावा. टाळी वाजवली की तीच टाळी चार ठिकाणांहून परत येते. सूर एकदा थेट कानात येतो आणि मागून त्याचीच भावंडं भिंतींवर आपटून धापा टाकत येतात. सगळी एकत्र पोचली की गर्दी होते.

मग मी कामाला लागलो. टेबल भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, कारण भिंतीला चिकटलेलं खोकं खर्ज फुगवतं. दोन्ही खोकी आणि माझं डोकं यांचा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण झाला पाहिजे, म्हणून सुतळीनं मापं घेतली, तीन फूट, तीन फूट, तीन फूट. इतक्या जवळ बसलं की थेट येणारा आवाज भिंतीवरून येणाऱ्याच्या फार पुढं असतो, खोली मधे तोंड घालत नाही. टेबलावरच्या स्पीकरची खरी गंमत ती आहे. ट्विटर कानाच्या उंचीला यायला हवा, तर खोक्यांखाली एकेक वीट दिली, विटेवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे टेबल थरथरत नाही. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आईच्या हातची वाकळ टांगली. सात-आठ लुगड्यांच्या घड्या आत आहेत, शहरात त्या कामासाठी फोमचे पत्रे विकत घेतात. दोन कोपऱ्यांत शाळूची पोती आधीपासून होतीच, ती हलवू दिली नाहीत.

एवढं झाल्यावर उरली ती घूं. गाणं थांबलं की खोक्यांतून घूंऽऽ असा बारीक आवाज. लॅपटॉपचं चार्जर काढलं की घूं बंद, लावलं की सुरू. शिवाय माऊस हलवला की आत रातकिडा बसल्यासारखी किरकिर. माझा जुना धंदा जागा झाला. बोर्ड उघडला. तिसऱ्या पिनची हिरवी वायर भिंतीत गेली होती आणि भिंतीतच संपली होती. अर्थिंग म्हणून नुसतं भोक. खेड्यात बऱ्याच घरांत हीच कथा. परड्यात माणूसभर खड्डा काढला, नळी उभी केली, भोवती एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा, परत कोळसा, परत मीठ. शेजारच्या म्हातारीला वाटलं, आम्ही काही तोडगा करतोय. ती दोन दिवस आमच्या अंगणातून गेली नाही. तोडगाच होता तो. वायर जोडली आणि घूं गेली. आता उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी ओततो. घरच्या म्हणतात, तुळशीला विसराल पण त्याला विसरायचा नाही.

त्या रात्री मळ्यांना लाईट नव्हती. मोटारी बंद, बाकी गाव गप्प. मी खुर्चीत बसलो आणि पहिल्यांदा नुसता तंबोरा लावला. पाच-दहा मिनिटांचं नुसतं तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग, कुणी गात नाही, काही नाही. स्पीकर जोखायला याच्यासारखी वस्तू नाही. तबला-बासरी वाईट स्पीकरवरही बरी लागते, पण तंबोरा लगेच उघडा पडतो, भुंग्यासारखा गुणगुणायला लागतो. आणि इथं तो भुंगा नव्हता. पहिली तार, जोडाच्या दोन, मग खर्जाची, आणि त्यांच्यावर हळूहळू उभी राहणारी झळाळी. मिरजेची ती गल्ली, ते भोपळे आणि धाग्याचा केसभर फरक. मला वाटतं मी तासभर नुसता तंबोराच ऐकला. मग अब्दुल करीम खाँसाहेबांचं एक जुनं गाणं लावलं. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या त्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या, तीन-सव्वातीन मिनिटांच्या. त्यांत खरखर आहे, खर्ज नाही, वरचं काही नाही. चांगला स्पीकर त्यात भर घालू शकत नाही. पण खरखर एकीकडं ठेवतो आणि गळा एकीकडं. पन्नास वर्षं मी त्या दोघांना एकत्रच ऐकत होतो.

पाणी द्यायला घरच्या आत आल्या आणि दारातच थांबल्या. तेव्हा एक अलीकडचं भजन लागलं होतं. त्यांनी डावं खोकं बघितलं, उजवं बघितलं, मग टेबलाखाली वाकून बघितलं.

"काय शोधताय?"

"मधलं कुठं हाय?"

"मधलं काय?"

"अवो, गाणारा मधीच बसलाय की. टेबलाच्या मधोमध. तिथं तर काय बी न्हाई."

दोन्ही खोक्यांतून एकच आवाज सारख्या जोरानं, एकाच क्षणी आला की कानाला तो मधून आल्यासारखा वाटतो, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या खुर्चीत बसल्या. टाळ सुरू झाले. त्यांचं माहेर वारकरी, त्यांच्या वडिलांच्या गळ्यात टाळ आणि वीणा दोन्ही असायचं. टाळ एकमेकांवर पडल्यावर जो धातूचा नाद बराच वेळ हवेत तरंगत राहतो आणि तो विरायच्या आत पुढचा टाळ पडतो, ते सगळं त्या रिकाम्या जागेत होत होतं. भाताची सुपं नव्हती. "हे आपल्या देवळातल्यावानी हाय," त्या म्हणाल्या. शेरडीचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

एक सांगतो, खोकी सर्वगुणसंपन्न नाहीत. चार इंची पडदा शेवटी चारच इंची. हलगी अशी कडकडते की पाय हलतो, पण हलगीमागचं घुमकं जितकं पोटात जायला हवं तितकं जात नाही. तळाचा खर्ज तिथं नाहीच. ज्यांना तो हवा त्यांनी मोठी खोकी घ्यावीत, नाहीतर जत्रेला जावं.

आता जत्रेचं निघालंच आहे म्हणून. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेत, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. आमच्या जत्रेत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी राहते, तेव्हा खिडकीच्या काचा डेसिबल न मोजता सांगतात. गोठ्यातली जनावरं दावी तोडतात. पोरं भिंतीला पाठ लावून नाचतात. त्यांना कुणी सांगावं, की कानाच्या आत जे बारीक केस असतात ते एकदा मोडले की शेतातल्या पिकासारखे परत उगवत नाहीत. सांगणाऱ्याचा आवाज तिथं पोचत नाही हीच अडचण आहे.

दिवाळीत नात आली. तिला लॅपटॉपवरचे खेळ माहीत. तिनं एक काढून दिला. त्यात नुसती शिट्टी वाजते, खालपासून सुरू होते आणि चढत जाते, पडद्यावर आकडा दिसतो. ऐकू यायचं थांबलं की हात वर करायचा. आम्ही दोघं शेजारी बसलो. हजार, दोन हजार, चार, सहा. सात हजारांनंतर शिट्टी बारीक झाली. आठला धाग्यासारखी. नऊच्या आत-बाहेर कुठंतरी ती गेली. मी हात वर केला.

"आजोबा, गप्प का बसला? हात खाली घ्या, अजून वाजतंय की."

"वाजतंय?"

"हो. किती मोठ्यानं वाजतंय!" तिनं कानांवर हात ठेवले. तेरा, चौदा. मी त्या दोन रेशमी घुमटांकडं बघत होतो. ते काम करत होते, हे नातीच्या तोंडावरून दिसत होतं. सतरा हजारांवर तिनं हात वर केला आणि मला टाळी मागितली.

वयाबरोबर कान वरून झिजत येतो, सगळ्यांचाच. माझा जरा लवकर झिजला, कारण कोवळ्या वयातली वर्षं कर्ण्याखाली गेली. हातात खोकी आली तेव्हा त्यांचा वरचा मजला माझ्यासाठी बंद झालेला होता. पण तंबोऱ्याची झळाळी नऊ हजारांच्या खालीही भरपूर असते. आणि जे वर आहे ते नात ऐकते आणि मला सांगते. "आजोबा, ह्याच्यात मागं कुणीतरी बांगड्या हलवतंय." मी परत लावतो. मला बांगड्या येत नाहीत, पण त्या कुठं आहेत ते आता माहीत झालंय.

मामा अजून आहेत. नव्वदीला टेकलेत. त्यांना बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही. स, फ, त ही सगळी अक्षरं वरच्या पट्ट्यात राहतात, ती गेली की शब्दाचं नुसतं खोड उरतं. म्हणून ते माणसांत फारसे बसत नाहीत. मशीनची यंत्रं लावून झाली, दोन दिवसांत काढून ठेवली. खोकी आणलीत हे कळल्यावर मात्र काठी टेकत आले. चहा घेतला, दोन्ही खोकी हातानं चाचपली, उचलून वजन बघितलं. लाकूड बरं वाटलं असावं.

"कर्णा कुठं लावायचा ह्येला?"

"कर्णा न्हाई मामा. असंच वाजतं."

"मंग येशीपतूर कसं जाणार?"

"जात न्हाई. ह्या खुर्चीपतूरच येतं," मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की पन्नास वर्षांची शिकवण ओढ्याला गेली.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. काय लावावं कळेना. तंबोरा लावला, चेहऱ्यावर काही नाही. सनई लावली, त्यांची एके काळची पहाटेची सनई. ओठ हलले, पण ते आठवणीनं, ऐकून नव्हे. त्यांचा हात आपसूक टेबलावर गेला, टोपी काढून ठेवण्यासाठी. टोपी ठेवताना बोटं उजव्या खोक्याला लागली आणि तिथंच थांबली. मग त्यांनी पंजा पसरून खोक्याच्या डोक्यावर ठेवला.

मी तमाशाचं एक रेकॉर्डिंग काढलं. कवलापूरच्या काळू-बाळूंच्या फडाला मामांनी कितीतरी रात्री माईक जोडले होते. हे त्यांच्या फडाचं नव्हतं, दुसऱ्याच कुणाचं होतं, पण ढोलकी खणखणीत होती. ढोलकी सुरू झाली. मामांनी डोळे मिटले. डावा पंजाही उचलून डाव्या खोक्याकडं नेला, पण त्रिकोण मोठा, हात पोचेना. मी ते खोकं विटेसकट उचलून त्यांच्या हाताखाली सरकवलं. सुतळीची मापं गेली.

"धुम सैल हाय," मामा म्हणाले. "तापवाय पायजे हुती."

मी परत नीट ऐकलं. ढोलकीच्या डाव्या तोंडाचा आवाज खरंच किंचित उतरलेला होता. मला तो कानानं कळला नव्हता.

तेव्हापासून ते बाजारच्या दिवशी येतात. नात असली तर ती त्यांच्या मांडीपाशी बसते आणि बांगड्या, पाखरं, लांबची मोटार, असलं वरचं वरचं सांगत राहते. ते तिला खालचं सांगतात. ते गेले, की मी सुतळी काढतो आणि खोकी जागेवर नेऊन ठेवतो.